दोन पानांची कसोटी: ए/बी टेस्टची कुळकथा

वेबसाइटवर शंभर जण आले, तर त्यांतल्या किती जणांनी वस्तू विकत घेतली किंवा नाव नोंदवलं? या प्रमाणाला धंद्यात ‘कन्व्हर्जन रेट’ म्हणतात. तो वाढवण्यासाठी पानाची दोन रूपं करतात. येणारे लोक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन्हींत वाटून देतात आणि जास्त कामाचं ठरेल ते रूप ठेवतात. हीच ए/बी टेस्ट. ती वेबवर वाढली, पण तिचं माहेर टपालात आणि शेतात आहे.

टपालाकडचा पूर्वज म्हणजे क्लॉड हॉपकिन्स, पेप्सोडेंट टूथपेस्ट अमेरिकेत घरोघर नेणारा जाहिरातलेखक. कापून पाठवायच्या प्रत्येक कूपनावर तो वेगळी खूण ठेवी. कूपनं परत आली, की कोणत्या मथळ्याने किती लोक ओढले आणि एका उत्तरामागे किती खर्च पडला, याचा हिशेब लागे. १९२३ साली ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात त्याने ही पद्धत मांडली. मात्र एक जाहिरात या आठवड्यात आणि दुसरी पुढच्या आठवड्यात छापली, तर मिळालेला फरक जाहिरातीचा की आठवड्याचा, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून पुढे एकाच दिवसाच्या अंकाच्या निम्म्या प्रतींत एक आणि उरलेल्या प्रतींत दुसरी जाहिरात छापण्याची सोय आली. तिला ‘स्प्लिट-रन’ म्हणत.

दुसरं घराणं शेतीचं, आणि माझ्या मते थोरली पाती तीच. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाला. एका वाफ्याला एक खत, शेजारच्या वाफ्याला दुसरं घालून पीक मोजायचं, हे तिथे आधीपासून चालत होतं. पण जमीन कधी एकसारखी नसते. एका कोपऱ्यात ओल जास्त, दुसरीकडे माती खोल. चांगल्या वाफ्याला मिळालेलं खत उगाच गुणी ठरायचं. फिशरने ठरवलं, की कोणत्या वाफ्याला कोणतं खत हे माणसाने ठरवायचंच नाही, ते नशिबावर सोडायचं. मग दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती, हे गणिताने सांगता येतं. सगळ्या कथेत मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. प्रयोग करणाऱ्याने आपली आवडनिवड हातातून खाली ठेवली, म्हणून उत्तरावर विश्वास ठेवता आला. हे शास्त्र आपल्या शेतकी महाविद्यालयांतही रुजलं. वि. गो. पानसे आणि साताऱ्याकडच्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९५४ साली कृषी संशोधकांसाठी लिहिलेलं सांख्यिकीचं इंग्रजी पुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं.

वेबवर ही दोन्ही घराणी एकत्र आली. कूपनाची जागा क्लिकने घेतली, वाफ्याची जागा माणसाने. २००० साली गूगलने शोधाच्या एका पानावर किती निकाल दाखवावेत, हे असंच तपासून पाहिलं.

गाजलेला दाखला मात्र बराक ओबामांच्या पहिल्या अध्यक्षीय प्रचाराचा. २००७ च्या अखेरीस डॅन सिरोकरच्या चमूने नावनोंदणीच्या पानासाठी चार बटणं, तीन छायाचित्रं आणि तीन व्हिडिओ घेऊन चोवीस जोड्या केल्या. तीन लाखांवर लोक त्यांत वाटले गेले. चमूची पसंती एका व्हिडिओला होती. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ सगळ्या छायाचित्रांच्या मागे पडले. ओबामांचं सहकुटुंब छायाचित्र आणि ‘लर्न मोअर’ हे बटण जिंकलं. नावनोंदणी ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेली. ‘साइन अप’ म्हणून थेट नाव मागण्यापेक्षा ‘अधिक जाणून घ्या’ हे आमंत्रण लोकांना जवळचं वाटलं असावं. पण हा माझा तर्क. चाचणी काय जिंकलं ते सांगते, का जिंकलं ते सांगत नाही.

त्या पानामुळे सहा कोटी डॉलरची जादा देणगी मिळाली, असंही सांगितलं जातं. तो आकडा मोजलेला नाही. वाढलेल्या ईमेल पत्त्यांना दर पत्त्यामागच्या सरासरी देणगीने गुणून काढलेला तो अंदाज आहे. नव्या बटणामुळे आलेला माणूस जुन्याइतकीच देणगी देतो का, हे तपासायला वेगळी चाचणी लागते.