बीप नेमका कशावर वाजतो?

हेडफोन असतील तर लावून घ्या, कारण आजचा विषय आहे शिव्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवतोय.

मी अक्कलकोटचा. पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा शेजारी बसणाऱ्या मुलाला मी सहज म्हणालो, "काय बे, जेवला का?" त्याचा चेहराच पडला. नंतर कळलं, त्याला वाटलं मी त्याला शिवीच दिली. आता आमच्या सोलापूर जिल्ह्यात 'बे' शिवाय वाक्य पूर्ण होत नाही. मित्राला 'बे' म्हटलं नाही तर तो विचारतो, "राग आलाय का बे?" म्हणजे शब्द तोच, पण तीनशे किलोमीटरच्या आत त्याचं वजन बदललं.

ही गोष्ट आठवायचं कारण असं, की पुढे त्याच नोकरीत मला एका अ‍ॅपच्या चॅटसाठी शिव्या अडवणारा फिल्टर लिहायचं काम आलं. शब्दांची यादी द्यायची, यादीतलं काही सापडलं की तिथे चांदण्या दाखवायच्या. सोपं वाटलं. पहिल्याच टेस्टिंगला माझ्या फिल्टरने 'लंडन' अडवलं. का, ते शब्द हळू म्हणून बघा, कळेल. हा प्रॉब्लेम जगात नवा नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएलवर अकाउंटच उघडता येईना, कारण गावाच्या नावात मधोमध एक इंग्रजी शिवी लपलेली होती. आजही या प्रकाराला 'स्कन्थॉर्प प्रॉब्लेम' असंच म्हणतात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. सिनेमा-टीव्हीवाले इतकी वर्षं हेच काम करतायत. त्यांची यादी काय पकडते आणि काय सोडते?

यादीतून सुटायचा एक मार्ग म्हणजे नवीन शिवी बनवायची. १९७४ मध्ये बीबीसीवर 'पॉरिज' नावाची मालिका सुरू झाली. गोष्ट तुरुंगातली. आता कैदी काय "कृपया बाजूला व्हा" म्हणणार? पण खरी शिवी टीव्हीवर चालणार नाही. मग लेखकांनी त्यांच्या तोंडी 'नॅफ ऑफ' घातलं आणि ते इंग्लंडभर पसरलं. १९७८ मध्ये अमेरिकेत 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ने अंतराळातल्या लोकांसाठी 'फ्रॅक' हा शब्द काढला. २००४ ची नवीन मालिका आली तेव्हा पात्रं तो इतक्या सर्रास वापरायची, की कोणत्या शब्दाच्या जागी आहे हे कुणाला सांगावंच लागलं नाही. शब्द खोटा असला तरी राग खरा होता, आणि यादीत खोटा शब्द नव्हता.

पण मंडळी, यात आपण कुणाच्या मागे नाही. मराठीने ही युक्ती टीव्ही यायच्या कितीतरी आधी काढलीय. 'आयला', 'मायला', 'च्यायला' हे शब्द नीट बघा. 'तुझ्या आईला' एवढंच म्हणायचं आणि पुढचं क्रियापद गिळून टाकायचं. 'तुझ्या'मधला फक्त 'च्या'सारखा आवाज शिल्लक, बाकी सगळं पोटात. आणि 'आईच्या गावात' तर त्याहून भारी. 'आईच्या' म्हटल्यावर ऐकणारा दचकतो, तेवढ्यात आपण 'गावात' म्हणून गाडी साध्या रस्त्याला लावतो. आज तर ती इतकी निरुपद्रवी झालीय की ओमी वैद्य, म्हणजे 'थ्री इडियट्स'मधला चतुर, त्याने २०२४ मध्ये 'आईच्या गावात मराठीत बोल' नावाने सिनेमाच काढला. पोस्टर लागलं, कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. त्यात गिळलेली आई मात्र अजून तिथेच आहे. भांडण दोन पुरुषांचं असतं, आणि मध्ये येते ती घरी बसलेली आई किंवा बहीण. शिवी अर्धी केली म्हणून ती बाजूला होत नाही.

सुटायचा दुसरा मार्ग दादा कोंडकेंचा. 'सोंगाड्या' आला १९७१ ला, 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' १९७८ ला, 'आली अंगावर' १९८२ ला. दादांच्या नावावर रौप्यमहोत्सवी सिनेमांचा गिनीज विक्रम आहे, ओळीने नऊ. त्यांची पद्धत म्हणजे वाक्य एकदम स्वच्छ ठेवायचं आणि घाण अर्थ प्रेक्षकाने स्वतःच्या डोक्यात काढायचा. सेन्सॉरने कात्री घेऊन कापायचं काय? कागदावर तर काहीच नाही.

तिसरा मार्ग सरळ होता. जे आहे ते बोलायचं. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. आता महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावी लागते. मंडळाने कापाकापी सांगितली, प्रयोग अडकले, सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. सखाराम पुस्तकं बांधणारा माणूस. नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा. त्याच्या तोंडातली शिवी काढली तर तो बाईशी कसा वागतो हेच झाकलं जातं. म्हणजे शिवी साफ केली की सखारामच सभ्य दिसायला लागतो.

सिनेमाच्या बाबतीत हीच गोष्ट सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात मान्य केली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की असल्या शिव्या गावागावात रस्त्यावर रोज ऐकू येतात. सिनेमात ऐकल्या म्हणून कुठलाही मोठा माणूस त्या नव्याने शिकणार नाही. तरी २०१५ च्या फेब्रुवारीत सेन्सॉर बोर्डात पुन्हा चालणार नाहीत अशा शब्दांची यादीच फिरली. बरीच बोंबाबोंब झाली आणि ती थांबवावी लागली.

इथपर्यंत मला वाटत होतं की आपल्याकडे दोनच बाजू आहेत. एक शिव्या कापणारे आणि एक शिव्या बोलू द्या म्हणणारे. मग मी 'फँड्री' पुन्हा बघितला.

'फँड्री' बनवला नागराज मंजुळेंनी, आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. थिएटरला आला फेब्रुवारी २०१४ ला. जब्या हा कैकाडी पोरगा, घरी डुकरं पकडायचं काम, आणि गावातली पोरं त्याला 'फँड्री' म्हणून चिडवतात. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. कैकाडी ही तमिळच्या जवळची द्रविड भाषा. तेलुगूत डुकराला पंदी म्हणतात. कन्नडमध्ये जुना 'प' जाऊन 'ह' आला, म्हणून हंदी. आता अक्कलकोटात निम्म्या घरांत कन्नड चालतं. माझी आजी गल्लीत डुक्कर शिरलं की "हंदी, हंदी" म्हणूनच हाकलायची. म्हणजे तो शब्द आमच्या घरातल्या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ निघाला. आणि आमच्या घरात ती शिवी नव्हती, नुसतं एका जनावराचं नाव होतं.

हाच तर मुद्दा आहे. 'फँड्री' कुठल्याच यादीत नाही. सेन्सॉरच्या नाही, माझ्या फिल्टरच्याही नाही. तो शब्द बीप करायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही. पण अख्ख्या सिनेमात त्या पोराला जो घाव बसतो तो याच शब्दाने. जिथे एरवी चार शिव्या देऊन लोक पुन्हा चहाला एकत्र बसतात, तिथे या एका हाकेने माणूस गावाबाहेर जातो.

यामागे इतिहास आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याचा आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी 'गुन्हेगार जमाती' कायदा केला. जन्माने गुन्हेगार, काही केलेलं असो वा नसो. सोलापुरात तारेच्या कुंपणात अशा जमातींची सेटलमेंट होती, त्यात कैकाडीही होते. शहरात 'सेटलमेंट' हे नाव आजही आहे. कायदा देशभरात रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे ऐंशी वर्षं सरकारी कागदावर शिवी छापलेली होती, सही-शिक्क्यासकट.

आता जातीच्या नावाने चारचौघांत शिवी देणं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे. पण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी. आणि कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो, तर सोलापुरात विमुक्त जातीत. म्हणजे शिवी तीच, माणूस तोच, नागपुरात गुन्ह्याचं कलम लागतं आणि आमच्याकडे तेच कलम लागत नाही. 'बे'चं वजन जिल्ह्याजिल्ह्यात बदलतं हे मला कळत होतं. कायद्याचंही बदलतं हे मला खूप उशिरा कळलं.

शेवटी एक सांगतो, जे सांगायचं टाळत होतो. शाळेत मी एकदा 'च्यायला' म्हटलं म्हणून हातावर पट्टी खाल्ली होती. त्याच वर्गात एका पोराला सगळे त्याच्या जातीच्या नावाने हाक मारायचे. सर ऐकायचे, हसायचे. मीही तशीच हाक मारायचो. त्याचं मला कुणी एक पट्टीही मारली नाही, आणि दहावीनंतर तो कुठे गेला ते मी कधी विचारलंही नाही.

माझ्या फिल्टरचं काय झालं? मी यादीत काही जातींची नावं टाकून बघितली. लगेच आरक्षणावर, इतिहासावर साधं बोलणाऱ्या लोकांचे मेसेज अडकायला लागले. स्वतःची जात अभिमानाने लिहिणाऱ्या एका मुलीचाही मेसेज अडकला. काढून टाकली. कारण शब्दात दोष नव्हताच. कोण, कुणाला, कशासाठी म्हणतंय यात होता, आणि ते यादीला कळत नाही. शेवटी आम्ही तिथे 'तक्रार करा' असं बटण दिलं आणि तक्रार वाचायला माणूस बसवला. धीमं काम आहे, महागही आहे. पण निदान ज्याला लागलं त्याला बोलता येतं.

तर पुढच्या वेळी सीरिज बघताना बीप ऐकू आला की जरा त्याच्या आजूबाजूचं ऐका. जे न कापता सोडून दिलंय, तेही ऐका. आणि तुमच्या शाळेत, गल्लीत अशी एखादी हाक होती का, जी शिवी आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही? मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या बे!