काळा उंदीर आणि डोडो : एक जगभर पसरला, दुसरा संपला, असं का?

डोडो हा मॉरिशस बेटावरचा, कबुतराच्या कुळातला, उडता न येणारा पक्षी. उंची सुमारे १ मीटर, वजन १० किलोहून जास्त. काळा उंदीर मूळचा भारतीय उपखंडातला. वजन साधारण २०० ग्रॅम. तरीही संपला तो डोडो.

पिल्लं : जुन्या नोंदींनुसार डोडो जमिनीवर घरटं करून एकच अंडं घालायचा. ते गेलं की त्या वेळची वीण गेली. उंदराची मादी काही महिन्यांतच वयात येते, साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी ६ ते ८ पिल्लं देते.

शत्रू : मॉरिशसवर वटवाघळं सोडली तर मूळचे सस्तन प्राणीच नव्हते. त्यामुळे अंडी चोरणाऱ्यांशी डोडोची कधी गाठच पडली नव्हती. उंदीर मात्र साप, घुबड, मांजर यांना चुकवतच जगत आला.

प्रवास : डच खलाशी १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले. माणसांनी शिकार केली, जंगलं तोडली. पण जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी अंडी-पिल्लं खाल्ली, हा घाव जास्त खोल होता, असं अनेक संशोधक मानतात. डोडो शेवटचा दिसल्याची नोंद साधारणपणे १६६२ ची धरली जाते.

म्हणजे डोडो 'मूर्ख' होता म्हणून संपला, हा समज चुकीचा आहे. तो आपल्या बेटावर जगायला अगदी योग्य होता. बेटच शंभर वर्षांच्या आत बदललं.