आदिवासींचा धर्म व खानेसुमारीचा रकाना

खानेसुमारींतील 'धर्म' या रकान्यावरून एखाद्या जमातीची ओळख ठरविण्याची रीत आमच्या मतें मुळांतच शंकास्पद आहे. डोंगराळ मुलखांतील जमातींच्या धर्मास १८८१ सालीं 'मूळ रहिवाशांचा' म्हटलें, १९०१ सालीं 'सर्वप्राणवादी' म्हटलें, आणि १९३१ सालीं 'जमातींचे धर्म' असा मथळा घातला. पूजक तेच, देव तेच. बदलला तो मोजणाऱ्याचा शब्द. १९३१ चे खानेसुमारी-आयुक्त हटन यांनीं या धर्मांस हिंदुधर्माच्या मंदिरांत अद्याप न बसविलेल्या साहित्याची उपमा दिली, डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९४३ सालीं या लोकांस 'मागासलेले हिंदू' ठरविलें. दोघांच्या मतांत विरोध आहे खरा, परंतु दोघांचेंही माप एकच: हिंदुधर्मापासूनचें अंतर.

हें माप ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील वारल्यांस लावून पाहावें. वारल्यांच्या लग्नांत सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात व त्यांत पालघट देवीस बसवितात. विधि चालविते ती धवलेरी. ती स्त्री असून तिचें शास्त्र म्हणजे तिच्या मुखींचीं गाणीं. धान्य ही कणसरी माता, वाघ हा देव, हिरवा हा घरचा देव. हेच वारली डहाणूजवळील महालक्ष्मीच्या जत्रेसही जातात आणि होळीही पेटवितात. त्यांची बोलीही मराठीच्या गोतांतली. जत्रेकडे पाहणारा त्यांस हिंदू लिहील, चौकाकडे पाहणारा निराळे लिहील. स्वतः वारल्यांस या दोन गोष्टींत विसंगति वाटत असल्याचें दिसत नाहीं. रकान्यांत मात्र एकच शब्द मावतो.

१९५० सालच्या अनुसूचित जमातींच्या आदेशांत धर्माची अट घातलेली नाहीं; त्याच वर्षींच्या अनुसूचित जातींच्या आदेशांत ती आहे. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळें आदिवासीपण व धर्म हे दोन प्रश्न कायद्यापुरते तरी वेगळे झाले. स्वतंत्र भारताच्या खानेसुमारींत 'जमातींचे धर्म' हा मथळाही राहिला नाहीं. तथापि २०११ सालीं सुमारें ७९ लक्ष लोकांची नोंद 'इतर धर्म' या सदरांत झाली, व त्यांपैकीं सुमारें ४९ लक्षांनीं आपला धर्म 'सरना' असा सांगितला. नोव्हेंबर १९२० च्या नव्हे, तर नोव्हेंबर २०२० च्या झारखंड विधानसभेनें त्यासाठीं स्वतंत्र रकान्याची मागणी करणारा ठराव केला. येथें नांव देणारा मोजणारा नसून स्वतः पूजक आहे.