टोमॅटोच्या विषाणूची वंशावळ

टोमॅटोची कोवळी पाने मुरडून पिवळसर पडू लागली आणि झाड खुजे राहिले, की लीफ कर्ल रोगाची शंका घेतली जाते. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या बेगोमोव्हायरस गटातील अनेक विषाणू हा रोग घडवतात. लक्षणे सारखीच असल्याने विषाणू नेमका कोणता, हे केवळ पानावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याचा जनुकक्रम वाचावा लागतो.

यांपैकी 'टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली' या विषाणूचा जनुकक्रम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा जनुकसंच एकपदरी डीएनएच्या दोन वर्तुळांत विभागलेला असून प्रत्येक वर्तुळ सुमारे २,७०० न्यूक्लिओटाइडांचे आहे. पहिल्यात विषाणूच्या प्रती काढणारी व आवरणाचे प्रथिन बनवणारी जनुके असतात, तर दुसऱ्यातील जनुकांमुळे विषाणू एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातो. दक्षिण भारतात आढळणाऱ्या 'टोमॅटो लीफ कर्ल बंगलोर' विषाणूचे काम मात्र एकाच वर्तुळावर भागते. रोग सारखा असला तरी विषाणू वेगळे आहेत.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषानुसार पहिल्या वर्तुळाचा संपूर्ण क्रम ज्ञात विषाणूंशी ९१ टक्क्यांपेक्षा कमी जुळल्यास तो विषाणू नवी प्रजाती मानला जातो. अशा तुलनेतून वंशवृक्ष तयार होतो. त्यात साधारणपणे एका पिकावरील नव्हे, तर एका भूप्रदेशातील विषाणू परस्परांचे निकटचे आप्त ठरतात.

हा वृक्ष सरळ फांद्यांचा मात्र नाही. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले, की त्यांच्या डीएनएच्या भागांची अदलाबदल होऊ शकते. या पुनःसंयोजनामुळे एका जनुकावरून काढलेली वंशावळ दुसऱ्या जनुकावरून काढलेल्या वंशावळीशी जुळतेच असे नाही.

याचे व्यावहारिक महत्त्व स्पेनमध्ये दिसले. तेथे २०१२ मध्ये झुकिनीच्या पिकावर हाच दिल्लीचा विषाणू आढळला. पुढे इटली व ट्युनिशियातही त्याची नोंद झाली. स्पेनमधील नमुन्यांचे जनुकक्रम परस्परांशी अतिशय मिळतेजुळते होते. त्यावरून त्याचा तेथील शिरकाव अलीकडचा असल्याचे अनुमान निघाले. त्यांत पुनःसंयोजनाच्या खुणाही होत्या. हा वाण वेलवर्गीय भाज्यांना घातक ठरला, टोमॅटोला मात्र त्याची लागण फारशी होत नाही. नावात टोमॅटो असूनही संकट आले ते झुकिनीवर.

रोगप्रतिकारक वाण निवडतानाही हीच दक्षता घ्यावी लागते. 'सोलॅनम चिलेन्स' या रानटी टोमॅटोतून आणलेले 'टीवाय-१' जनुक अशा विषाणूंविरुद्ध वापरले जाते. परंतु एका विषाणूपुढे टिकलेला वाण दुसऱ्यापुढे टिकेलच असे नाही. त्यामुळे बियाणे निवडण्यापूर्वी त्या भागात कोणता विषाणू फिरतो आहे, हे ठाऊक असणे आवश्यक ठरते, आणि त्याचे खात्रीचे उत्तर जनुकक्रमच देतो.