दान द्या, पण हिशेब विचारून : सोपाऱ्याचा इतिहास काय सांगतो?

दान या विषयावर आपल्या चळवळीत दोन टोकाची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, दान म्हणजे भीक. हक्कासाठी लढणाऱ्यांनी दानाचे कौतुक करू नये. तर काही जण पावतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला की एकही प्रश्न न विचारता खिशात हात घालतात. माझे स्पष्ट मत आहे की ही दोन्ही मते आपल्याच इतिहासाच्या विस्मरणातून आली आहेत. हा इतिहास शोधायला लांब जायला नको. तो वसई-विरारच्या मातीत आहे.

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. गावकरी ज्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत, ते १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खोदले आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

हा नववा लेख प्रत्येक तरुणाने समजून घेतला पाहिजे. आजारपण, लग्न, जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, त्याचे फळ थोडेच, असे अशोक सांगतो. मग खरे मंगल कोणते? दास आणि नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांबाबत संयम, आणि त्यानंतर श्रमण-ब्राह्मणांना दान. क्रम लक्षात घ्या. कामगाराशी वागणूक आधी, दान नंतर. गाळ्यातल्या कामगारांची मजुरी थकवून विहाराच्या फरशीवर स्वतःचे नाव कोरून घेणाऱ्याला हा लेख उत्तर देतो.

दान करणारे सगळे राजेच होते, असेही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या भिक्खूचे नाव आहे. तिथल्याच लेखांत सुतार आणि सुगंधी द्रव्यांचा व्यापारीही भेटतात. डोंगर एकट्या राजाच्या तिजोरीतून कोरला गेला नाही. कोणी खांब दिला, कोणी दरवाजा. कोणी काय दिले, हे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते.

हिशेबाचा सर्वात चांगला नमुना नाशिकच्या पांडवलेणीत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण दिले. ते त्याने कोणाच्या हातात ठेवले नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींमध्ये गुंतवले. २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज होते २४०. त्यातून २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मुद्दल कायम, खर्च फक्त व्याजातून. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला. रक्कम, हेतू, व्याजदर, लाभार्थी सगळे जाहीर! आपल्या किती मंडळांचा हिशेब इतका स्वच्छ असतो?

पण इतिहासाला आपण सोयीपुरते वापरायचे नाही. याच उषवदाताने ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्याचेही त्याच लेण्यात कोरले आहे. सोपाऱ्यासह अनेक ठिकाणी त्याने धर्मशाळा बांधल्या. सत्ताधारी सगळ्यांनाच देतो, कारण त्याला सगळ्यांची मान्यता हवी असते. म्हणून देणारा कोण, एवढे पाहून भागत नाही. त्या दानाने समाजाची कोणती स्थिती बदलते, हे विचारावे लागते.

बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी अस्पृश्यता निवारणासाठी एक संघ स्थापन झाला. तोच पुढे हरिजन सेवक संघ. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्कर बाप्पा सचिव. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी विलायतेला जाताना बोटीवरून बाबासाहेबांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. मुद्दा असा की, अस्पृश्य व्यक्तीला सद्गुण शिकवण्यावर पैसा घालवू नका. तिला दाबून ठेवणारी परिस्थिती बदला. विहिरी, शाळा, चावडी यांवरचे नागरी हक्क मिळवून द्या. कामधंद्यात समान संधी द्या. या पत्राची साधी पोचही आली नाही, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा मागितली, तेव्हा गांधीजींचे उत्तर असे होते की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही हिंदूंचा आहे, म्हणून कारभार हिंदूंनीच करावा. ज्याच्या नावाने पैसा गोळा होतो, त्यालाच निर्णयात स्थान नसेल, तर ते दान त्याला मिंधा बनवते.

मग बाबासाहेब दानाच्या विरोधात होते का? अजिबात नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग देण्याचे आवाहन केले. त्यात भीक नाही आणि उपकारही नाही. आपली संस्था आपल्या पैशावर उभी राहिली, तरच तिचा आवाज स्वतंत्र राहतो.

आता प्रश्न आपला. २० हजार पगार असेल तर विसावा भाग होतो १००० रुपये. ज्याच्या घरी भाडे थकले आहे, मुलांची फी भरायची आहे, त्याने कर्ज काढून वर्गणी द्यावी असे धम्म सांगत नाही. सिगालोवाद सुत्तात बुद्ध गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगतात : एक वापरायला, दोन धंद्यात, एक अडचणीच्या दिवसासाठी. अशा माणसाने वेळ द्यावा, अभ्यासिकेत तासभर शिकवावे. तेही दानच आहे.

ज्याला शक्य आहे त्याने मात्र जरूर द्यावे, पण तीन प्रश्न विचारून. या पैशाने कोणाची कोणती परिस्थिती बदलणार? ज्यांच्यासाठी काम आहे, ते निर्णय घेणाऱ्यांत आहेत का? हिशेब कुठे पाहायला मिळेल? संस्था विश्वस्त कायद्याखाली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण अहवाल मागा. छोटे मंडळ असेल तर जमा-खर्च विहाराच्या फलकावर लावायला सांगा. डीजेला किती आणि पुस्तकांना किती, हे वस्तीतल्या शाळकरी मुलीलाही वाचता आले पाहिजे.

हिशेब विचारला म्हणून कोणी तुम्हाला चळवळीचा विरोधक म्हणाले, तर त्याला पांडवलेणीला घेऊन जा. तिथे हिशेब दगडात कोरला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!