चार चाकांची ताकद

गेल्या महिन्यात आमच्या नातवाने एक पराक्रम केला. मित्राची नवीकोरी फोर बाय फोर गाडी घेऊन चौघे जण कळंबच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. पाण्याच्या कडेने गाडी फिरवायची, फोटो काढायचे आणि परत यायचे, एवढाच बेत. (किनाऱ्यावर गाडी नेऊ नये हे मी आधीही सांगितले होते, नंतर तर सांगितलेच.) ओल्या घट्ट रेतीवर गाडी छान पळाली. वरच्या कोरड्या, भुसभुशीत रेतीत वळवताना मात्र चाके जागच्या जागी फिरू लागली आणि जितके ॲक्सिलरेटर दाबावे तितकी गाडी खाली. तोवर भरती सुरू झाली होती. शेवटी वाडीतल्या एका गृहस्थांनी ट्रॅक्टर आणला आणि दोर लावून गाडी ओढून काढली.

घरी आल्यावर मी त्याला एकच प्रश्न विचारला, "त्या ट्रॅक्टरची किती चाके ओढतात रे?"

जरा वेळ गप्प राहून म्हणाला, "मागची दोनच, आजोबा."

आता गंमत अशी की याच चिरंजीवांना स्वतःसाठी तशीच गाडी घ्यायची आहे. चारही चाकांना ताकद असलेली घ्यावी की फक्त मागच्या दोन चाकांची, यावर घरात महिनाभर खल चालू आहे. त्याचे बाबा म्हणतात, बोळिंज ते विरार स्टेशन जायला दोन चाके पुष्कळ झाली. प्रकरण माझ्यापर्यंत आले. खरे तर मला गाडी चालवता येत नाही. सगळे आयुष्य एसटी, लोकल आणि सायकलवर गेले. पण जीपमध्ये मी बसलो आहे, आणि त्याहून जास्त वेळा जीप ढकलली आहे. त्या अधिकारावर हा लेख.

जीप ही मुळात लढाईची गाडी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने सव्वाशेहून अधिक कंपन्यांना विचारले, हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी कोण करून देतो? मुदत इतकी थोडी की बहुतेकांनी हात जोडले. बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला हाताशी धरून सप्टेंबरात पहिली गाडी उभी केली. पुढे मोठी कामे मिळाली ती विलिस आणि फोर्डला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या. बिचाऱ्या बँटमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागे जोडायच्या ट्रेलरचे काम आले. असो.

तिची युक्ती साधी होती. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटी पेटी. तिच्यातून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे जायचा आणि दुसरा पुढच्या. पुढचा दांडा एरवी सुटा. चिखल, रेती, चढ आला की ड्रायव्हरने वेगळा दांडका ओढून तो जोडायचा. मागची चाके मागून ढकलणार, पुढची पुढून ओढणार. चांगल्या कोरड्या रस्त्यावर मात्र तो जोडून ठेवायचा नाही, कारण वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि तो फरक सोडवायची सोय त्या पेटीत नव्हती. सगळा ताण दातऱ्यांवर यायचा.

ही गाडी आपल्याकडे मुंबईच्या माझगावात जोडली जाऊ लागली, ती स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांत. कंपनी १९४५ ची, महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले (पुढे गव्हर्नर जनरलही), आणि १९४८ मध्ये पाटीवर महिंद्र अँड महिंद्र आले. त्याच वर्षी काश्मीरच्या लढाईसाठी लंडनहून मागवलेल्या जीपचे प्रकरण गाजले. अनेकांना ते कृष्ण मेनन यांच्या नावामुळे आठवत असेल. हाती आल्या १५५ जीप आणि त्याही कामाच्या नव्हत्या. नवा देश, रस्ते नाहीत, म्हणून जीपची एवढी निकड!

मग २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि जीप गावोगाव गेली. माझ्या पिढीला सरकार म्हणजे काय ते आधी जीपच्या रूपात दिसले. हिवतापाची फवारणी, देवीची लस, शाळा तपासणी, निवडणूक, सगळे जीपमधून यायचे. आवाज ऐकला की निम्मी पोरे रस्त्याकडे धावायची आणि निम्मी सुईच्या भीतीने शेतात.

माझी पहिली काही वर्षे मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेत गेली. तेव्हा तो ठाणे जिल्हा, पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. तिथला पाऊस आमच्या वसईच्या पावसाला लाजवणारा. रस्ते कच्चे, लाल मातीचे, ओढ्यांवर पूल नाहीत. १९७६ च्या श्रावणात शाळेजवळच्या पाड्यावरची एक बाई अडली. सुइणीने हात टेकले. योगायोगाने एका कार्यालयाची जीप त्या दिवशी गावात होती. बाईला गोधडीत गुंडाळून मागे ठेवले, तिची सासू, नवरा आणि मी बसलो, निघालो जव्हारच्या दिशेने.

दुसऱ्या ओढ्यानंतरच्या चढावर जीप थांबली. मागची चाके फिरत होती, त्यातही एकच. एक चाक चिखल उडवतेय आणि दुसरे स्वस्थ उभे. (डिफरन्शिअलचा हा गुण की अवगुण मला तेव्हा पहिल्यांदा समजला. ज्या चाकाला पकड नाही त्याच्याकडेच सगळी गती जाते.) मी ड्रायव्हरमामांना म्हटले, "अहो, पुढचा गिअर टाका ना!" ते म्हणाले, "गुरुजी, गिअर आहे, पण खाली दांडा कुठाय? काढून ठेवलाय. पेट्रोल कमी लागतं म्हणून."

आम्ही चाकांखाली दगड घातले, फांद्या घातल्या, गोणपाट घातले. तासभर ढकलले. जीप दोन हात वर यायची आणि तीन हात मागे जायची. शेवटी नवऱ्याने एक दांडा तोडून आणला, गोधडीची झोळी केली आणि पुढचे अंतर आम्ही बाईला खांद्यावरून नेले. बाई वाचली. मूल गेले.

ते पेट्रोल किती वाचले असेल, याचा हिशोब मी पुढे कितीतरी वर्षे मनात करत असे.

दोन वर्षांनी तीच जीप पुन्हा आली, या वेळी पुढचा दांडा बसवलेला. त्याच चढावर मामांनी दांडका ओढला आणि गाडी डबक्यातून म्हैस उठावी तशी संथपणे वर आली. मी टाळ्या वाजवायचाच बाकी होतो. पण पुढच्याच उतारावर, रंगात येऊन, मामांनी वेग जरा वाढवला. समोर गुरे आली. ब्रेक दाबला, चारही चाके थांबली आणि जीप मात्र थांबली नाही! साबणावरून घसरावी तशी ती बांधाला जाऊन टेकली. कुणाला लागले नाही. मामा खाली उतरून, बिडी पेटवून म्हणाले, "पुढचा गिअर चढायला असतो, गुरुजी. थांबायला नाही." लहान गिअरमध्ये सावकाश उतरले असते तर इंजिनाचा लगाम चारही चाकांना मिळाला असता, हेही त्यांनीच सांगितले. आधी सांगायला हवे होते म्हणा.

पुढे रस्ते होत गेले. बहात्तरच्या दुष्काळापासून रोजगार हमीवर कितीतरी गावरस्त्यांची माती पडली, २००० सालानंतर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून डांबर आले. जसजसे डांबर आले तसतशी पुढच्या चाकांची ताकद गेली. कमांडर, ट्रॅक्स, सुमो या वडापवाल्यांच्या लाडक्या गाड्या बहुतेक मागच्या दोन चाकांवरच चालायच्या. त्यांना चढायचे नव्हते, माणसे कोंबायची होती. २०२० मध्ये नवी थार आली ती सगळी फोर बाय फोर, आणि जानेवारी २०२३ मध्ये लगेच मागच्या दोन चाकांची स्वस्त थारही आली. म्हणजे रूप जीपचे, काम शहरातले. यात हसण्यासारखे काही नाही. आमच्या नवापूर, राजोडीच्या रस्त्यांवरून पाहिले तर तेच शहाणपणाचे आहे.

आता चिखलावरून बर्फावर येतो, कारण नातवाचा पुढचा मुद्दा तोच होता. "आजोबा, आत्याकडे तर सगळे ऑल व्हीलच घेतात!" आत्या म्हणजे आमची लेक, टोरोंटोजवळ मिसिसागाला असते. २०११ चा हिवाळा आम्ही दोघांनी तिच्याकडे काढला. तिच्याकडे ऑल व्हील गाडी होती. ही जीपसारखी नाही, दांडका ओढायला नको, चारही चाकांना ताकद आपोआप वाटली जाते आणि कोरड्या रस्त्यावरही चालते. जपानच्या सुबारूने १९७२ मध्ये चारही चाकांची ताकद रोजच्या वापराच्या मोटारीत आणली (ती मात्र दांडका ओढायचीच होती), आणि १९८१ मध्ये ऑडीच्या क्वाट्रोने तीच ताकद शर्यतीत उतरवली. पुढच्या दोन-तीन वर्षांत रॅलीच्या दुनियेत दोन चाकांच्या गाड्यांचे दिवस भरत आले. वळणातून बाहेर पडताना जोर चार चाकांत वाटला गेला की चाके सहजी घसरत नाहीत, म्हणून लवकर वेग घेता येतो.

तर, बर्फ पडलेल्या सकाळी लेकीची गाडी अंगणातून अशी झोकात निघाली की शेजारचा बिचारा आपल्या जुन्या, पुढच्या दोन चाकांच्या गाडीपुढे फावडे घेऊन उभा. पण पुढच्या सिग्नलला आम्ही थांबायच्या रेषेच्या पार पुढे घसरत गेलो. समोर शाळेची पिवळी बस होती. हातभर अंतर राहिले. आमची ही रामरक्षा म्हणायला लागली ती घरी येईपर्यंत. शेजारी मागून आला आणि रेषेवर अलगद थांबला. त्याच्या गाडीला हिवाळ्याचे टायर होते, लेकीच्या गाडीला बारमाही. सात अंश सेल्सिअसच्या खाली बारमाही टायरचे रबर कडक होऊ लागते, पकड सुटते. शेजारच्या क्विबेक प्रांतात तर २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. चार चाकांची ताकद सक्तीची केलेली मी कुठे ऐकली नाही.

नातवाला मी मास्तरी पद्धतीने समजावले. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार. ओढायला, वळायला आणि थांबायला त्यातूनच खर्च करायचा. चार चाकांना ताकद दिली की ओढण्याचा खर्च चौघांत वाटला जातो, पण पगार वाढत नाही. आणि ब्रेक तर दोन चाकांच्या गाडीलाही चारही चाकांना असतात! पगार वाढवायचा तर टायर बदला. रेतीत जायचे तर हवा कमी करा, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. कळंबला तेवढे केले असते तर ट्रॅक्टरवाल्यांची रविवारची झोप मोडली नसती.

"मग घेऊ कुठली?" तो म्हणाला.

मी विचारले, "मोखाड्याला जायचंय का तुला, श्रावणात?" तो हसला. पण दोन दिवसांनी आपणहून म्हणाला की त्याचा एक डॉक्टर मित्र तिकडच्या आरोग्य केंद्रात आहे, आणि पावसात कधी गाडी लागली तर हाक मार असे त्याने त्याला सांगून ठेवले आहे. ते ऐकून माझा निकाल फिरला. त्याच्या बाबांना अजून सांगितलेले नाही, हा लेख वाचूनच कळेल.

येत्या रविवारी वसईला गाडी बघायला जायचे आहे. मलाही चल म्हणतो. टायर कुठले येतात ते मी विचारणार आहे. त्या उंच गाडीत चढायला मला घरून स्टूल न्यावे लागेल, तेवढे मात्र त्याच्या मित्रांसमोर कसे सांगायचे ते बघतो.