बीटी कापूस आणि गुलाबी बोंडअळी : पेशी, जनुक आणि नैसर्गिक निवड म्हणजे काय?

जीवशास्त्र म्हटलं की पाठ करायच्या व्याख्या आठवतात. पण तुम्ही कामरगावसारख्या (ता. कारंजा, जि. वाशीम) सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या पट्ट्यात राहत असाल, तर या व्याख्या धुऱ्यावरच भेटतात. चला तर मग, कपाशीच्या एका बोंडातून जीवशास्त्राच्या मूळ संकल्पना समजून घेऊया.

पेशी म्हणजे काय?

पेशी म्हणजे सजीवाचा सर्वात लहान जिवंत घटक. बहुतेक पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो, पण कापूस याला अपवाद आहे. सरकीवरचा प्रत्येक धागा ही एकच लांबलेली पेशी असते! जाडी केसापेक्षा कमी, पण लांबी साधारण २ ते ३ सेंटिमीटर. बोंड फुटल्यावर ही पेशी वाळते आणि मागे उरते ती तिची भिंत. ही भिंत सेल्युलोजची असते. म्हणजे तुमचा सुती शर्ट पेशीभित्तिकांचा बनला आहे.

डीएनए, जनुक आणि प्रथिन

पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. डीएनएच्या ज्या तुकड्यात एखादं प्रथिन बनवण्याची सूचना असते, त्याला जनुक म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून.

बीटी कापूस म्हणजे काय?

‘बीटी’ हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जीवाणूचं छोटं नाव. त्याचं एक जनुक कपाशीत घातलं आणि कपाशी स्वतःच ‘क्राय’ प्रथिन बनवू लागली. बोंडअळीने ते खाल्लं की तिच्या आतड्याच्या पेशींना भोकं पडतात आणि अळी मरते. आपल्या पोटातल्या पेशींवर हे प्रथिन चिकटायला जागाच नसते, म्हणून माणसावर तो परिणाम होत नाही.

भारतात एका जनुकाच्या बीटी कापसाला २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या कापसाला २००६ मध्ये परवानगी मिळाली.

मग २०१७ मध्ये काय झालं?

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भासह महाराष्ट्रात बीटी कपाशीचंच मोठं नुकसान केलं. ही अळी बोंडाच्या आत शिरून सरकी खाते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. वरून हिरवं दिसणारं बोंड आतून किडलेलं निघतं.

लोक म्हणतात, “अळीला बीटीची सवय झाली.” हे बरोबर नाही. अळी म्हणजे फोन नाही, की अपडेट आला आणि सुधारली! लाखो अळ्यांमध्ये काहींच्या जनुकात आधीपासूनच थोडा बदल असतो. याला उत्परिवर्तन म्हणतात. त्यांच्यावर बीटीचा परिणाम होत नाही. बाकीच्या मरतात, या वाचतात आणि पुढची पिढी यांचीच होते. एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते, म्हणून हा बदल लवकर पसरतो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. एकटी अळी बदलत नाही, बदलतो तो अळ्यांचा समूह.

पाकिटातलं नॉन-बीटी बियाणं कशासाठी होतं?

बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं मिळायचं. ते कडेने पेरायचं होतं. अनेकांनी ते टाकून दिलं, कारण अळीला मुद्दाम खाऊ घालणं कोणाला पटेल?

पण त्यामागे गणित होतं. अळीतला प्रतिकार मुख्यतः अप्रभावी असतो, म्हणजे बदललेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तरच अळी वाचते. नॉन-बीटी झाडांवर साधे पतंग वाढतात. त्यांचा वाचलेल्या पतंगाशी संकर झाला, तर पिल्लांना बदललेली एकच प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात. ही कडच नसेल, तर वाचलेले पतंग आपसातच संकर करतात.

आता तुम्ही काय करू शकता?

- फुलं उमलताना तपासा. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी. फोटो काढून घरी दाखवा, आत अळी असू शकते.
- कामगंध सापळ्यात मादीच्या वासाने नर पतंग येतात. हेक्टरी ५ सापळे लावून रोज मोजा आणि फोनमध्ये नोंद ठेवा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले, तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना कळवा.
- फरदड घेऊ नका. पऱ्हाटी शेतात उभी राहिली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. खायलाच मिळालं नाही, तर तिचं जीवनचक्र तुटतं.

माहिती उपयोगी वाटली, तर कपाशी पेरणाऱ्या मित्राला नक्की शेअर करा.